टोकांचे काम : मण्यांच्या भेटवस्तूंच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

गेल्या दिवाळीत वहिनीला मी स्वतः ओवलेली काचमोत्यांची तिपदरी माळ दिली होती. ती परवा तिच्या मावसबहिणीच्या लग्नात, मंगलाष्टके चालू असतानाच तुटली. अक्षता आणि मोती एकाच वेळी खाली पडत होते, त्यामुळे काही क्षण कोणाच्या लक्षातही आले नाही. वहिनी काही बोलली नाही. जेवढे मोती सापडले तेवढे रुमालात बांधून तिने आज माझ्या हाती दिले आणि "वेळ मिळेल तेव्हा कर" एवढेच म्हणाली. मोजले तेव्हा १८१ भरले. माझ्या जुन्या वहीत २०९ लिहिलेले आहेत, म्हणजे २८ मोती त्या कार्यालयाच्या सतरंजीखाली राहिले.

मणीकामाला लागून मला चार वर्षे झाली. या काळात दिलेल्या भेटींपैकी किती अजून वापरात आहेत याची आज पहिल्यांदाच प्रामाणिक यादी केली. बहिणीच्या कुड्या तिच्या डब्यात पडून आहेत, कारण त्या घातल्या की तिच्या कानाच्या पाळ्या खाजतात. मैत्रिणीला दिलेले इलॅस्टिकचे कडे महिनाभरात सैल पडले. आत्याला दिलेल्या माळेचा हूक तिला लावता येत नाही, म्हणून ती माळ देवघरातल्या बाळकृष्णाच्या गळ्यात गेली आहे. मण्यांच्या रंगाबद्दल किंवा रचनेबद्दल एकाही व्यक्तीची तक्रार नाही. जे बिघडले ते सगळे टोकाला बिघडले आहे : हुकापाशी, गाठीपाशी किंवा कानात जाणाऱ्या दांडीपाशी.

त्यामुळे या वर्षी भाऊबीजेपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबरपर्यंत, पाच वस्तू करायच्या आहेत : वहिनीची माळ नव्याने, आत्यासाठी खऱ्या मोत्यांची दुपदरी माळ, बहिणीसाठी कुड्या, मैत्रिणीसाठी चष्म्याची साखळी आणि सासऱ्यांसाठी तुळशीची जपमाळ. टोक कसे बंद होणार हे ठरल्याशिवाय यांपैकी एकाही कामाचा पहिला मणी ओवायचा नाही.

२१ जुलै २०२४, रविवार

वहिनीच्या माळेचे तिन्ही सर भिंगाखाली पाहिले. नायलॉनचा धागा मधे कुठेही विरलेला नाही. तिन्ही सरांत तो एकाच ठिकाणी, हुकाजवळच्या गिअर लॉकच्या कडेला, कापल्यासारखा तुटला आहे. गिअर लॉक म्हणजे धागा जागच्या जागी धरून ठेवणारी धातूची बारीक नळी. ती मी साध्या चपट्या पकडीने चेपली होती. चेपल्यावर तिच्या तोंडाला धारदार कड तयार होते, आणि मान हलली की धागा त्या कडेवर घासतो. शिवाय मी सर अगदी ताणून बंद केले होते, मण्यांमध्ये जराही ढील ठेवली नव्हती. त्यामुळे माळेला वाकताना लागणारी सगळी जागा त्या एका बिंदूवर मागितली जात होती.

आज तीन तुकडे करून पाहिले : एक नायलॉनवर, एक वेणीच्या मासेमारी दोऱ्यावर आणि एक गिअर वायरवर (ही नायलॉनचे आवरण असलेली बारीक पोलादी तार असते). प्रत्येकाला एक किलो साखरेची पिशवी बांधून खिडकीच्या गजाला टांगले आणि येता-जाता झोके दिले. नायलॉनचा तुकडा संध्याकाळपर्यंत गिअर लॉकपाशीच तुटला. उरलेले दोन्ही टिकले. दोन खाचांच्या खास पकडीने नळी आधी मधोमध दुमडून मग गोल केली, की तिच्या दोन कप्प्यांत तारेचे दोन पदर वेगवेगळे बसतात आणि बाहेरची कड बोटाला टोचत नाही. ही पकड माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे, ती वापरायचा कंटाळा मात्र होता.

२७ जुलै २०२४, शनिवार

रविवार पेठेत, बोहरी आळीत खरेदीला गेले. पाऊस होता, त्यामुळे गर्दी कमी आणि दुकानदार बोलायला मोकळे होते.

लहान काचमणी नंबराने मिळतात आणि नंबर वाढतो तसा मणी लहान होतो. आठ नंबरचा मणी सुमारे तीन मिलिमीटरचा, अकरा नंबरचा सुमारे दोन आणि पंधरा नंबरचा साधारण दीड. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचमणी स्वस्त असतात आणि त्यांचे रंग मला फार आवडतात, पण एकाच पुडीत जाड-बारीक मणी निघतात आणि काहींच्या भोकाची कड काचेच्या कपचीसारखी असते. जपानी मणी एकसारखे येतात, त्यांची किंमतही तशीच असते. घरी आल्यावर देशी मण्यांतून शिवणाचा दोरा पाच-सहा वेळा मागेपुढे ओढून पाहिला. ज्यात दोऱ्याला लव आली ते मणी बाजूला काढले, आणि साधारण दहांतला एक मणी असा बाद झाला. हे मणी तोरणाला चालतील, कारण तोरण मान हलवत नाही.

तारेच्या बाबतीत मात्र पुन्हा फसगत झाली. २६ गेज म्हणून घेतलेली पितळी तार घरी मोजली तर ०.४५ मिलिमीटरच्या वर भरली. अमेरिकी मापात २६ गेज म्हणजे ०.४० मिलिमीटर आणि ब्रिटिश मापात ०.४६ मिलिमीटर. बाजारात दोन्ही मापे चालतात आणि पुडीवर फक्त आकडा असतो. मोत्याचे भोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे असताना, तेही तार त्यातून दोनदा न्यायची असताना, हा फरक लहान नाही. यापुढे खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायची सरकपट्टी, ठेवूनच खरेदीला जाणार आहे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

मापे घेतली. आजवर मी सोळा इंच, अठरा इंच अशी ठोकळ मापे धरत आले. या वेळी प्रत्येकीच्या गळ्याभोवती सुती दोरा सोडून, तिला जिथे माळ यावीशी वाटते तिथे धरून, तो दोराच कापून आणला. वहिनीचा सोळा इंच भरला, तर आत्याचा साडेसतरा. आत्याने दोरा धरताना एक गोष्ट सांगितली, जी मी आधीच विचारायला हवी होती : संधिवातामुळे तिला अंगठा आणि तर्जनी घट्ट जुळवता येत नाहीत. हुकाची बारीक कळ ओढून धरायला नेमकी हीच दोन बोटे लागतात.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आजची नोंद थोडी मोठी होईल.

पेठेतल्या एका पटवेकरी काकांकडे गेले होते. सोनाराकडून आलेले दागिने रेशमात गाठवून देणे, म्हणजे मणी, वाट्या, पेट्या ओवून मागे गोफ लावणे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. पूर्वी मंगळसूत्राची पोत असो की बोरमाळ, दर एक-दोन वर्षांनी ती गाठवायला टाकायची पद्धत घरोघरी होती. धागा झिजणारच, तो तुटायच्या आत बदलायचा, हे त्यात गृहीत धरलेले होते. मी माझ्या माळा "कायमच्या" करू पाहत होते हे त्यांना मजेशीर वाटले.

मी सोबत नेलेला गाठींचा नमुना त्यांनी नखावर घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, गाठ तुम्ही ओढून मारलीत. गाठ ओढायची नाही, ढकलायची." मग करून दाखवले. धाग्याचा सैल फास करायचा, फासात सुई घालायची, सुईच्या टोकाने तो फास मण्याच्या अंगाला चिकटेपर्यंत सरकवत न्यायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी सुई काढून घ्यायची. धागा ओढून गाठ मारली की ती मण्यापासून केसभर अलीकडेच बसते. त्या केसभर जागेत मणी पुढेमागे होत राहतो आणि भोकाची कड धागा खाते.

गोफ विणताना त्यांनी रेशमाचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवले आणि दोन्ही हात मोकळे ठेवून पदर एकमेकांवरून टाकत गेले. ताण हवा असेल तसा पाऊल पुढेमागे. मी घरी यासाठी टेबलाला लावायचा शिकंजा घेतला होता. त्याचा ताण बदलायला दर वेळी स्क्रू फिरवावा लागतो.

आत्याच्या बोटांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी गोफाला सरकगाठ सुचवली. माळेची दोन्ही टोके लांब गोफात संपतात, ते दोन गोफ एका जाड रेशमी गुंडीतून उलटसुलट जातात, आणि गुंडी वरखाली केली की माळ लहानमोठी होते. हूकच नाही. माळ मोठी करून डोक्यावरून घालायची. ठुशी आणि तन्मणीच्या मागे हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण आत्याच्या हुकाला तो उपाय असेल हे सुचले नव्हते. मी महिनाभर परदेशी चुंबकी फाशांची, म्हणजे हुकाऐवजी चुंबकाने बंद होणाऱ्या टोकांची, छायाचित्रे पाहत बसले होते.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

बहिणीच्या कुड्या. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे तपासणी तिनेच केली. डायमिथिल ग्लायॉक्झिमचे अमोनियायुक्त द्रावण कापसाच्या बोळ्यावर घेऊन तिने जुन्या कुडीच्या दांडीवर अर्धा मिनिट घासले आणि बोळा गुलाबी झाला, म्हणजे निकेल. "सोनेरी मुलामा, नॉन-ॲलर्जिक" असे त्या पुडीवर छापलेले होते. मुलामा पातळ असतो, घामाने आणि रोजच्या घासण्याने तो उतरतो आणि खालचा धातू कातडीला लागतो. नव्या कुड्यांसाठी ९२.५ टक्क्यांच्या चांदीच्या दांड्या आणल्या. तिने त्याही घासून पाहिल्या आणि बोळा पांढराच राहिला.

कुडीची भूमिती लोभस आहे. एकाच मापाचे मोती असतील तर मधल्या एका मोत्याभोवती नेमके सहा बसतात, ना फट राहते ना दाटी होते. भोवती सात मोती हवे असतील तर मधला मोठा घ्यावा लागतो : बाहेरचे चार मिलिमीटरचे असतील तर मधला साधारण सव्वापाचचा. अडचण एवढीच की "चार मिलिमीटर" म्हणून मिळालेल्या सरात ३.८ पासून ४.३ पर्यंत सगळे होते. व्हर्निअरने एकेक मोजून दोन कुड्यांपुरते चौदा मोती निवडायला दीड तास लागला आणि तार वळायला चाळीस मिनिटे. अमेरिकी मापाची २८ गेजची तार सहा मोत्यांतून फिरवून कडे बंद केले, उरलेली दोन टोके मधल्या मोत्यातून विरुद्ध दिशांनी नेली आणि मागच्या चकतीच्या छिद्रांतून काढून दांडीच्या बुडाशी गुंडाळली. कापलेले टोक दांडीकडे वळवले आहे, पाळीकडे नाही. पहिल्या जोडीत मी ते उलट केले होते.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

गणपतीत काम बंद. काल गौरी गेल्या. त्यांचे दागिने उतरवून ठेवताना सासूबाईंच्या आजेसासूबाईंचा मोत्यांचा सर पाहिला. मोती पिवळट पडले आहेत, रेशीम मात्र नवे आहे. "चौथ्यांदा गाठवलाय," सासूबाई म्हणाल्या.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आत्याची माळ सुरू केली. मोती हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून आले आहेत, पण ते हैदराबादचे नव्हेत. ते शहर मोत्यांच्या व्यापाराचे आणि छिद्रे पाडण्याच्या कामाचे केंद्र आहे, आणि आज तिथे विकले जाणारे बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत वाढवलेले असतात. एकमेकांवर हळूच घासले की बारीक वाळूसारखी खरखर लागते. काचमोती गुळगुळीत घसरतात.

हिशेब असा. मोती पाच मिलिमीटरचे आणि प्रत्येक गाठीची जागा एक मिलिमीटर, म्हणजे दर मोत्याला सहा मिलिमीटर. आतला सर मोत्यांपुरता तेरा इंचांचा, म्हणजे ३३० मिलिमीटर : पंचावन्न मोती. बाकीची लांबी गोफाची. बाहेरचा सर आतल्याच्या खाली लागून बसायचा तर त्याचा वळसा सहा मिलिमीटरने मोठ्या त्रिज्येचा होतो. छातीवर अर्धे वर्तुळ धरले तर वाढीव लांबी सुमारे एकोणीस मिलिमीटर, म्हणजे तीन मोती जास्त. मी आजवर दोन सरांत अंदाजाने दोन इंचांचा फरक ठेवत असे आणि मग मधे कातडीचा पट्टा का दिसतो याचे आश्चर्य करत असे.

दोन नंबरचे रेशीम (०.४५ मिलिमीटर) वापरते आहे. रेशीम ताणते, म्हणून ते रात्रभर वजन लावून टांगले होते.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

बावीस मोत्यांपर्यंत आलेला सर उसवला. गाठी नीट बसल्या होत्या, पण सुरुवातीचे तीन मोती मी एकेरी धाग्यावर घेतले होते आणि टोक बंद करण्यासाठी त्यांतून धागा परत न्यायला भोकात जागा नव्हती. हा माझाच नियम मी मोडला होता. आता प्रत्येक सराचे पहिले तीन आणि शेवटचे तीन मोती आधी हिरकणीच्या भुकटीच्या कानसुईने, म्हणजे भोक घासून मोठे करायच्या सुईसारख्या कानशीने, रुंद करून घेतले. हे काम मोती पाण्यात बुडवून करायचे असते. कोरडा मोती तापतो आणि भोकाच्या तोंडाशी त्याचा पापुद्रा निघतो. एका मोत्याचा निघाला.

जिथे सर कडीला अडकतो तिथे रेशमावर तारेचे बारीक स्प्रिंगसारखे वेटोळे चढवले, म्हणजे धातू रेशमाला थेट लागत नाही. हे "मोत्याच्या कामासाठी" म्हणून महाग मिळते. जरदोसीवाल्यांकडचा दबका मला तसाच दिसला आणि तोच वापरला.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

दोन्ही सर पूर्ण. आत्येबहीण माळ पाहायला आली तेव्हा सहज म्हणाले की आधी चुंबकी फासा लावणार होते. ती एकदम गंभीर झाली. आत्याला दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. त्यासोबत मिळालेल्या माहितीपत्रकात चुंबक सहा इंचांपेक्षा जवळ आणू नये असे लिहिले आहे. फासा मानेमागे असतो हे खरे, पण माळ फिरून पुढे येते आणि काढताना तर फासा हातात, छातीसमोरच असतो. मी आत्याच्या बोटांची चौकशी केली होती, छातीची केली नव्हती. पटवेकरी काकांकडे गेले नसते तर ती माळ मी तिला आनंदाने दिली असती.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा झाला. आठवडाभर रोज संध्याकाळी गोफाचा सराव केला, पायाच्या अंगठ्यात धागा धरून. पहिले दोन गोफ एका बाजूला पिळले गेले, कारण उजवा हात जास्त ओढतो. तिसरा बरा आला.

आत्याच्या डोक्याचा घेर बावीस इंच आहे, त्यामुळे माळ पूर्ण उघडल्यावर किमान चोवीस इंच व्हायला हवी आणि आवळल्यावर साडेसतरा. त्या हिशेबाने गोफ कापले. गुंडी इतकी घट्ट हवी की माळेच्या वजनाने सरकणार नाही, आणि इतकी सैल हवी की दुखऱ्या मुठीनेही सरकेल. गोफावर मेणाचा हलका हात फिरवल्यावर ते जमले. गुंडीच्या टोकांना दोन मोठे मणी लावले आहेत. ते शोभेसाठी नाहीत, पूर्ण तळव्यात धरून ओढता यावे म्हणून आहेत.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

वहिनीची माळ गिअर वायरवर पुन्हा ओवली. हरवलेल्या २८ मोत्यांच्या जागी तेवढेच हिरवे काचमणी घातले, एकाच जागी न घालता तिन्ही सरांत विखरून. प्रत्येक सर बंद करण्याआधी माळ हाताभोवती गोल गुंडाळून, त्या स्थितीत दोन मिलिमीटर ढील ठेवली.

मैत्रिणीची चष्म्याची साखळीही आजच झाली. आठ आणि अकरा नंबरचे मणी, लांबी अठ्ठावीस इंच. ती बालवाडीत शिकवते आणि मुले तिच्या गळ्याशी लोंबतात, म्हणून चष्म्याच्या दांड्यांना धरणारे रबरी फासे मुद्दाम जरा सैल ठेवले आहेत. झटका बसला तर साखळी चष्म्यावरून निसटावी. या पाच वस्तूंतले हे एकच टोक सुटण्यासाठी केलेले आहे.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

सासऱ्यांची जपमाळ : तुळशीचे १०८ मणी आणि मेरुमणी. सुती दोरा, प्रत्येक मण्यानंतर गाठ, शेवटी गोंडा. मण्यांना रोगण लावले नाही. जप करणाऱ्या बोटांचे तेल त्यांना पुरते. १०९ गाठी ढकलून मारताना हात आता आपोआप चालतो हे लक्षात आले.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

पाचही वस्तू दिल्या. सोबत प्रत्येकीला एक लहान चिठ्ठी दिली : अत्तर आधी, दागिना नंतर, मोती ओल्या फडक्याने पुसून सपाट ठेवावेत, टांगू नयेत, पुढच्या दिवाळीला गाठवायला परत द्यावेत. शेवटचे वाक्य वाचून वहिनी हसली आणि माळ दोन्ही हातांनी जरा ओढून पाहिली. मी तिला थांबवले नाही.

आत्याने माळ स्वतः घातली. आरशासमोर उभे राहून, तळव्याने गुंडी ओढून, दोनदा घातली आणि काढली.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आत्याचा फोन आला होता. गुंडी आता सैल वाटते, माळ संध्याकाळपर्यंत दोन इंच खाली उतरते. गोफ तिने साबणाच्या पाण्यात धुतला होता, बहुधा मेण त्याबरोबर गेले असावे. बुधवारी तिच्याकडे जाणार आहे. मेणाचा खडा आणि गुंडीवर आणखी एक वेढा देण्यापुरते रेशीम पिशवीत टाकून ठेवले आहे.